बंद भातगिरणीचा फोटो, आधी पुस्तक

प्रश्न : नागझिऱ्यात प्राण्यांचे फोटो काढतो. आता वाटेवरच्या बंद भातगिरण्या खुणावतात. कोणती पुस्तकं वाचावीत?

उत्तर : पहिलं पुस्तक तुमच्या जंगलाचंच, व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. माडगूळकर चित्रकारही होते. एका जागी थांबून पाहणं त्यांच्याकडून शिका. मग त्यांचीच 'बनगरवाडी' (1955). दुष्काळात रिकामी होत जाणारी वाडी वाचली, की उघड्या दाराकडे तुम्ही निराळ्या नजरेनं बघाल.

कारखान्यांसाठी बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचं 1970 सालचं 'अनोनिमे स्कुल्पटुरेन' मिळवाच. पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, सगळं ढगाळ उजेडात, सरळ समोरून. तुमच्याकडे पावसाळ्यात असा उजेड भरपूर! धुराडी त्याच शिस्तीनं टिपा, तुलना आपोआप बोलेल.

मात्र बेखरांच्या चौकटीत माणूस जवळजवळ नसतो, आणि मला तो हवा असतो. म्हणून मीना मेनन व नीरा आडारकर यांचा गिरणगावाचा मौखिक इतिहास (2004) वाचा. मुंबईच्या गिरणी कामगारांचे शब्द त्यात आहेत. गिरणीत शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्या आणि तिथं भात भरडलेल्या एखाद्या जुन्या कामगाराला सोबत न्या. कुठलं यंत्र कुठं होतं, हे तोच दाखवेल.