शहरातील नवे घर : किंमत वाजवी की अवाजवी?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर हे गाव कोळसा आणि चुनखडी यांसाठी ओळखले जाते. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी या भागातील खाणी पाहू लागली. खाणीत काम करणारी कुटुंबे वर्षानुवर्षे कंपनीच्या वसाहतीत राहत आली. कामगार निवृत्त झाला की भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम एकदम हाती येते आणि त्याच सुमारास वसाहतीतील घर सोडावे लागते. मग वणी, चंद्रपूर किंवा नागपूर येथे घराचा शोध सुरू होतो. ज्यांची शेती खाणीसाठी संपादित होते, त्या शेतकऱ्यांपुढेही मोबदल्याची रक्कम कोठे गुंतवावी हा प्रश्न उभा राहतो.

आयुष्यभराची पुंजी एका व्यवहारात जाणार असते. तरीही बैलजोडी घेताना जेवढी पारख होते, तेवढी घर घेताना होतेच असे नाही. नवा रंग, गुळगुळीत फरशी आणि ‘भाव वाढतच आहेत’ हे मध्यस्थाचे वाक्य यांवर निर्णय होतो. अशा वेळी गावातील लोक सल्ल्यासाठी शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे येतात. त्यांना उपयोगी पडावी अशी एक सोपी रीत या लेखात मांडली आहे.

जमीन आणि इमारत वेगळी करा

घराची किंमत ही एक वस्तू नसून दोन वस्तूंची बेरीज असते. एक जमीन आणि दुसरी तिच्यावरील इमारत. जमीन झिजत नाही. तिचे मूल्य परिसर, रस्ता, पाणी व मागणी यांवर ठरते. इमारत मात्र पहिल्या दिवसापासून झिजू लागते. या झिजेला घसारा म्हणतात. नव्या घरासाठी जुन्या घरापेक्षा अधिक पैसे द्यावेत हे रास्तच आहे. परंतु किती अधिक? नवेपणामुळे घसाऱ्याची जेवढी वर्षे वाचतात आणि दुरुस्तीचा जेवढा खर्च टळतो, तेवढेच. त्याहून जास्त मागितले जात असेल, तर ती रक्कम कशासाठी आहे हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे.

वाजवी किंमत शोधण्याचे तीन मार्ग आहेत. शेजारच्या विक्रीशी तुलना हा पहिला, जमीन व बांधकाम यांची बेरीज हा दुसरा आणि भाड्याची कसोटी हा तिसरा. कोणताही एक मार्ग पुरेसा नाही. तिन्ही उत्तरे जवळजवळ आली, तर ती विश्वासार्ह मानावीत.

पहिला मार्ग : नोंदलेले व्यवहार

शेजारी काय सांगतात यापेक्षा दुय्यम निबंधक कार्यालयातील दप्तर काय सांगते, हे महत्त्वाचे. प्रत्येक नोंदणीकृत खरेदीखताचा गोषवारा ‘सूची क्रमांक २’ मध्ये असतो. त्यात मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, प्रत्यक्ष मोबदला आणि शासकीय दराने येणारे बाजारमूल्य या बाबी दिसतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही या नोंदींचा शोध घेता येतो. त्याच लेआऊटमधील, मागील वर्षभरातील तीन-चार व्यवहार काढावेत आणि क्षेत्रफळ, वय व रस्ता यांतील फरक मिळवून किंवा वजा करून तुलना करावी. एकाच नोंदीवर विसंबू नये, कारण ती विक्री घाईची, नातेवाइकांमधील किंवा रक्कम कमी दाखवून केलेली असू शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक ‘रेडी रेकनर’ म्हणतात, तो मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. प्रत्यक्ष मोबदला आणि तक्त्याने येणारे मूल्य यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर शुल्क आकारले जाते. हा तक्ता संपूर्ण विभागासाठी सरासरी दर देतो. भिंतीला गेलेली भेग किंवा दारापुढे साचणारे पाणी त्याला दिसत नाही. म्हणून तो तुलनेचा एक आधार आहे, किंमतीचा दाखला नव्हे. तक्त्यातील दर चौरस मीटरला असतात आणि बाजारात भाव चौरस फुटाने बोलला जातो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट हे ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग : जमीन अधिक बांधकाम

एक उदाहरण घेऊ. यातील दर व रकमा केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पिलेल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा.

सहा वर्षांपूर्वी बांधलेल्या एका घराची ४२ लाख रुपये किंमत सांगितली जात आहे. भूखंड १,००० चौ. फूट आणि बांधकाम १,१०० चौ. फूट आहे. त्या लेआऊटमध्ये मोकळा भूखंड १,४०० रुपये चौ. फुटाने जातो, म्हणजे जमीन १४ लाखांची झाली. आज तसेच बांधकाम करण्यास १,९०० रुपये चौ. फूट खर्च येतो, असे दोन स्थानिक कंत्राटदार सांगतात. म्हणजे नवे बांधकाम २० लाख ९० हजारांचे. इमारतीचे आयुष्य ६० वर्षे आणि अखेरीस उरणारे मूल्य दहा टक्के धरले, तर सहा वर्षांचा घसारा नऊ टक्के येतो. तो वजा जाता बांधकामाचे आजचे मूल्य सुमारे १९ लाख २ हजार उरते. कुंपणभिंत, कूपनलिका व टाकी यांचे दीड लाख मिळवले की बेरीज सुमारे ३४ लाख ५२ हजार होते.

आता तुलना पाहू. त्याच लेआऊटमधील तेवढ्याच भूखंडावरील, १,१५० चौ. फूट बांधकामाचे, तीन वर्षे वयाचे घर नुकतेच ३६ लाखांना विकले गेले. त्यालाही कुंपण व कूपनलिका आहे. आपल्या घराचे बांधकाम ५० चौ. फूट कमी, म्हणून ९५ हजार वजा करू. वय तीन वर्षे अधिक, म्हणून साडेचार टक्के घसाऱ्याचे सुमारे ९४ हजार वजा करू. उत्तर ३४ लाख ११ हजार येते.

तिसरा मार्ग : भाड्याची कसोटी

घर कितीला विकले जाईल याबाबत लोक आशेने बोलतात. भाडे मात्र भाडेकरू दरमहा खिशातून देतो, म्हणून भाडे सहसा खोटे बोलत नाही. विकल्या गेलेल्या घराला दरमहा ९,८०० रुपये भाडे येते, असे धरू. वर्षाचे १ लाख १७ हजार ६०० रुपये होतात. म्हणजे ते घर वार्षिक भाड्याच्या सुमारे ३०.६ पटीने विकले गेले. आपल्या घराला दरमहा ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार भाडे येईल. त्याच पटीने किंमत ३३ लाख ६ हजार येते. उलट सांगितलेले ४२ लाख म्हणजे भाड्याच्या जवळजवळ ३९ पट झाले.

तीन मार्गांनी ३३ ते साडेचौतीस लाख या कक्षेतील उत्तरे आली. सांगितलेली किंमत साडेसात लाखांनी अधिक आहे. विक्रेता म्हणतो, ‘स्वयंपाकघर व कपाटे यांवर चार लाख खर्च केले.’ सहा वर्षे वापरलेल्या लाकडी कामाचे फार तर निम्मे मूल्य धरता येईल. तेही मान्य केले, तरी कमाल मर्यादा साडेछत्तीस लाखांच्या आसपास राहते. उरलेल्या साडेपाच लाखांना केवळ उमेदीचा आधार आहे. हा हिशेब कागदावर मांडून विक्रेत्यासमोर ठेवला, तर बोलणे भांडणाचे न होता कामाचे होते.

सदनिका घेताना

सदनिकेच्या बाबतीत क्षेत्रफळाचा घोळ सर्वांत मोठा असतो. समजा, एक सदनिका ‘१,००० चौ. फूट, दर ४,०००’ अशी ४० लाखांना सांगितली जाते; परंतु आतील चटई क्षेत्र ७०० चौ. फूटच आहे. मग खरा दर सुमारे ५,७१४ रुपये पडला. दुसरी सदनिका ४२ लाखांची, पण चटई क्षेत्र ७८० चौ. फूट. तिचा दर सुमारे ५,३८५ रुपये. महाग वाटणारी दुसरी सदनिकाच प्रत्यक्षात स्वस्त आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली आहे. बाहेरील भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची त्यात धरली जात नाही. आतील विभाजक भिंती धरल्या जातात. ५०० चौ. मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक असते. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात संरचनात्मक दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी विकासकाची असते. हे संरक्षणही किंमतीचाच भाग समजावे. ते नसलेल्या घराला तेवढा भाव देऊ नये.

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कर पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या वर्गात एक टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही. दोन घरांची तुलना करताना कर, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरून एकूण खर्चाची तुलना करावी.

माती, पाणी आणि कागदपत्रे

नवे घर म्हणजे अद्याप परीक्षेला न बसलेला विद्यार्थी होय. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल, तर दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. चार-पाच पावसाळे पाहिलेल्या घराने आपले दोष दाखवलेले असतात. ताज्या रंगाचे घर ते झाकू शकते. म्हणून पायाचा नकाशा मागावा, शक्य तर घर एकदा भर पावसात पाहावे आणि स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. पुंजीच्या मानाने त्याचे शुल्क नगण्य असते.

खाणपट्ट्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. भूखंडाखाली जुन्या भूमिगत खाणकामाचा भाग नाही ना, आणि ती जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाखालील अधिसूचनेत आलेली नाही ना. कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या घराचा भाव धूळ व आवाज यांमुळे कमीच असला पाहिजे.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषिक परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल यांपैकी काही नसेल, तर वर काढलेली किंमत त्या घराला लागूच पडत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर हस्तांतरणास परवानगी लागते. पंचायत सदस्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी : ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे किंमत वाजवी ठरली, असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज देता येते. बँकेचा मूल्यनिर्धारक बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही ते पाहतो. आपले पदरचे पैसे वाजवी ठिकाणी जात आहेत की नाहीत, हे आपणच पाहायचे असते. मात्र त्याने काढलेले मूल्य ठरलेल्या किंमतीपेक्षा बरेच कमी असेल, तर तो इशारा समजावा. ‘थोडी रक्कम रोखीने द्या’ असा आग्रह असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे; शिवाय करारात न दिसणाऱ्या पैशाची दाद कोठेही मागता येत नाही.

हे काम गावाचेही आहे

वरील हिशेबाला सातवीच्या गणिताहून अधिक काही लागत नाही. शाळेतील शिक्षकांनी नफा-तोटा व शेकडेवारी शिकवताना असे एखादे घराचे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे. ती मुले घरी जाऊन वडिलांना घसारा समजावून सांगतील. ज्या गावात दरवर्षी काही कुटुंबे निवृत्त होतात किंवा जमिनीचा मोबदला घेतात, तेथील ग्रामपंचायतीने जवळच्या शहरांतील मूल्यदर तक्ता कसा पाहावा, सूची क्रमांक २ कशी काढावी आणि कोणती कागदपत्रे मागावीत यांची माहिती वाचनालयात लावून ठेवावी.

घर पसंत पडणे ही मनाची बाब आहे आणि तिला मान दिला पाहिजे. पण इसार देण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा, त्यावर जमीन, बांधकाम, घसारा आणि भाडे असे चार आकडे लिहावेत आणि घरच्या मंडळींसमोर मोठ्याने वाचावेत. खाणीत तीस-पस्तीस वर्षे घाम गाळून मिळालेल्या रकमेसाठी एक संध्याकाळ एवढा हिशेब करणे कोणालाही अवघड नाही.