रात्रीची झोप दिवसा कमवावी

भाऊजी,

निवृत्त झाल्यापासून पहाटे तीनला डोळा उघडतो आणि मग कुशी बदलत उजाडतं, ही तुमची तक्रार. झोपेची गोळी आणायच्या आधी वहिनीचं थोडं ऐका. काही मी सासूबाईंकडून शिकले, काही यांच्या आजारपणात डॉक्टरांकडून. उरलेलं माझं वय शिकवतंय.

आधी जमाखर्च मांडा. बँकेत जन्म गेलाय तुमचा. रात्री नऊला अंथरूण, तीनला जाग, म्हणजे ६ तास. दुपारी जेवून दीड तास आडवे होता. संध्याकाळी मालिका बघताना मान पडते ती वेगळीच. साडेसात तास तर इथेच भरले, आणि पासष्टीनंतर ७ ते ८ तास पुष्कळ होतात. तुमची झोप कमी झालेली नाही, ती दिवसभर सांडते आहे. शिवाय वयाबरोबर गाढ झोपेचा वाटा घटतो आणि शरीराचं घड्याळ अलीकडे येतं. दिवेलागणीलाच पेंग, पहाटे टक्क जाग. हा आजार नव्हे. निजायची वेळ रोज थोडी थोडी पुढे ढकलत साडेदहावर न्या. उठायची वेळ मात्र ठरवाल ती एकच ठेवा. रात्र वाईट गेली म्हणून आठपर्यंत लोळायचं नाही.

दुपारची वामकुक्षी सोडा असं मी म्हणणार नाही. जेवल्यावर पडू नका म्हटलं तर तुम्ही माझं पुढचं काहीच ऐकणार नाही. पण ती अर्ध्या तासाची हवी, गजर लावून, आणि तीनच्या आत. मालिकेच्या वेळी पेंग आली तर उठून भाजी निवडा. वनिताला बरंच वाटेल.

उन्हाचंही गणित आहे. ज्याला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, त्याने सकाळचं ऊन घ्यावं. तुमचं उलटं. तुम्ही पाच-साडेपाचला, ऊन असताना फिरायला जा; संध्याकाळच्या उजेडाने झोप उशिरा येते आणि जागही उशिरा येते. तीनला उठून ट्यूबलाइट लावून पेपर वाचत बसलात, तर शरीराला वाटतं उजाडलं, आणि दुसऱ्या दिवशीही ते तीनलाच उठवतं.

चहा दुपारी तीनचा शेवटचा. चहा-कॉफीतलं जागं ठेवणारं द्रव्य पाच-एक तासांनीही निम्मं अंगात असतं. आणि झोपेसाठी म्हणून ‘थोडीशी’ घेणाऱ्यांचं ऐकू नका. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्र मोडते.

लघवीला उठावं लागतं म्हणून पाणी तोडू नका. दिवसा भरपूर प्या, सातनंतर घोट घोट. यांचे पाय संध्याकाळी सुजायचे आणि रात्री दर दीड-दोन तासांनी उठणं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि मग लघवीवाटे निघतं. मग दुपारी पायांखाली दोन उशा ठेवून तासभर पडायला सुरुवात केली (जागेपणी!), आणि पाणी उतरवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच सकाळी घेतली. खूप फरक पडला. तरी साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्या. बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा लावा आणि पायपुसणी उचला.

सासूबाईंची काशाची वाटी तुमच्या आठवणीत असेलच. कोमट पाण्याने पाय धुऊन, तळव्याला खोबरेल लावून त्या वाटी गोल गोल फिरवायच्या. तळवा काळाभोर व्हायचा. अंगातली उष्णता निघाली, असं त्या म्हणत. तो काळेपणा तेल आणि धातूचा, पण वाटीचा उपयोग खराच होता. तळवे गरम झाले की कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि डोळा लागतो. फक्त तेल नीट पुसा, नाहीतर रात्री फरशीवर पाय घसरेल. मधुमेह असेल तर पाण्याचा अंदाज कोपराने घ्या, तळव्यांना चटका कळत नाही.

आता अंथरुणाचा नियम. वीसेक मिनिटं तळमळलो असं वाटलं की उठा, बाहेर मंद दिव्यात खुर्चीत बसा, काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि पेंग आली की परत या. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. अंथरुणात मोबाइल नको, मुलांच्या काळज्या नकोत, वनिताशी वादही नको. जुन्या निद्रानाशावर असल्या सवयींचे उपचार आधी करा आणि गोळ्यांचं नंतर बघा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलंय.

गोळीबद्दल एवढंच. शेजाऱ्याला चालली म्हणून अल्प्राझोलाम घेऊ नका. आपल्या वयात तिने तोल जातो, विसराळूपण वाढतं आणि एकदा खुब्याचं हाड मोडलं की झोपेचं दुखणं परवडलं असं होतं. झोप आणणारी सर्दीची गोळीही तशीच. तोंड कोरडं, लघवी अडते, डोकं गोंधळतं. कुणी आधीपासून झोपेची गोळी घेत असेल, तर त्यानेही ती एकदम बंद करू नये. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

वनिताला एक विचारा: घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच थांबतो का? थांबत असेल तर घरगुती उपाय पुरेत, डॉक्टर गाठा. पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातलं लोह तपासा. आणि पहाटे जाग येऊन मन उदास होत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सगळं एकदम करू नका. उठायची एक वेळ आणि दुपारचा गजर, एवढ्या दोन गोष्टींनी सुरुवात करा. वहीत रात्रीच्या झोपेबरोबर दिवसाच्या डुलक्याही लिहा, खर्चाच्या बाजूला. पंधरा दिवसांनी फोन करून आकडे सांगा, पण तीननंतर; त्याआधी मी पडलेली असते.

तुमची,
वहिनी