‘गोलपिठा’तील वस्ती आणि वाचकाची जागा

महानगराचे वैभव आणि त्याला लागूनच चालणारा रात्रीचा बाजार हा विरोध मराठी साहित्याला अपरिचित नाही. मात्र हा विरोध कोण पाहतो आणि कोठे उभा राहून पाहतो, हा प्रश्न अभ्यासात सहसा मागे पडतो. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाच्या संदर्भात तो टाळता येत नाही.

मुंबईतील ग्रँट रोड परिसराचे रूप मुळातच दुहेरी आहे. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या ज्या नाट्यगृहात प्रयोग केले, ते प्रतिष्ठितांच्या करमणुकीचे स्थान होते. पुढे लोकांच्या तोंडी ‘प्ले हाऊस’चे ‘पिला हाऊस’ झाले. तमाशाचे फड, स्वस्त करमणूक आणि कामाठीपुऱ्यातील देहविक्रय यांची येथे शेजारवस्ती झाली. मलबार हिल येथून फार दूर नाही.

पठ्ठे बापूरावांच्या मुंबईवर्णनातील नवलाईला अण्णा भाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’तून उत्तर दिले. तेथे वैभव व दैन्य समोरासमोर येतात. कारण दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात सामावतील एवढ्या अंतरावर शाहीर उभा आहे. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या आणि माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) व ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) या संग्रहांत हे अंतर कमी होते. वस्तीतील माणूस तेथे करुणेचा विषय न राहता संघर्षाचा कर्ता बनतो.

ढसाळांच्या कवितेत हे अंतरच नाहीसे होते. पूर-कनेरसरहून बालपणी मुंबईत आलेला हा कवी त्याच परिसरात वाढला, टॅक्सी चालवून जगला. त्यामुळे त्याची कविता वस्तीचे वर्णन करीत नाही. ती वस्तीच्या बोलीत विचार करते. बंबइया हिंदी, गावाकडची बोली, गल्लीतील सांकेतिक शब्द आणि संस्कृतप्रचुर मराठी तेथे एकाच ओळीत नांदतात. श्रीमंती येथे दूरच्या टेकडीवर राहत नाही. ती गिऱ्हाईक म्हणून गल्लीत उतरते आणि पहाटे प्रतिष्ठेकडे परतते. वैभव व बकालपणा हे दोन शेजारी नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे या कवितेचे आकलन होय.

विजय तेंडुलकरांनी संग्रहाच्या प्रस्तावनेत हे जग पांढरपेशा जगाच्या सीमेपलीकडे असल्याचे नोंदविले. पण ही सीमा मध्यमवर्गीय हिशेबाची आहे, याचेही भान ठेवले. अध्यापनात मात्र हे भान अनेकदा सुटते. ‘अधोविश्वाचे दाहक चित्रण’ असे म्हणून आणि कठीण शब्दांचे अर्थ देऊन कविता संपविली जाते. ‘अधो’ हा उपसर्गच वर उभ्या असलेल्याचा आहे. वस्तीत राहणाऱ्याला ती खाली वाटत नाही. ते त्याचे घर असते.

म्हणून ‘गोलपिठा’ शिकविताना शब्दार्थांच्या आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : या व्यवहारात वाचक स्वतः कोणत्या बाजूला आहे? तो टाळला, तर वर्गातील वाचनही रात्री वस्ती पाहून परतणाऱ्या पाहुण्याच्या फेरीसारखेच ठरेल.