लुकलुकणारा दिवा व मुक्त आज्ञावली
(इयत्ता सातवी व आठवीच्या विज्ञान मंडळासाठी पाठ)

उद्देश : यंत्रांचे कुतूहल मुलांना उपजतच असते, परंतु घरातील बहुतेक उपकरणे झाकणबंद असतात व त्यांच्या आत काय चालते, हे मुलांना दिसत नाही. उपकरणाची रचना व त्याला चालविणारी आज्ञावली या दोन्ही उघड असल्या, म्हणजे शिकणे किती सोपे होते, हे या पाठात प्रत्यक्ष दाखवावयाचे आहे.

माहिती : आर्डुइनो हा तळहातावर मावणारा एक बोर्ड असून त्यावर एक लहानसा संगणक बसविलेला असतो. इटलीतील इव्रेआ या गावच्या एका शिक्षणसंस्थेत २००५ साली त्याचा आरंभ झाला. विद्यार्थ्यांना परवडेल असे साधन हवे, हा त्यामागील हेतू होता. मात्र हे काम शून्यातून उभे राहिले नाही. केसी रीअस व बेन फ्राय यांनी २००१ साली ‘प्रोसेसिंग’ ही आज्ञावली सुरू केली होती. तिच्या आधारे हर्नांडो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने इव्रेआ येथेच २००३ साली ‘वायरिंग’ ही योजना आखली आणि तिच्या पायावर आर्डुइनो उभा राहिला. पहिल्याने आपले काम खुले ठेवले, म्हणूनच दुसऱ्यास ते पुढे नेता आले. अशा कामास मुक्तस्रोत म्हणतात.

साहित्य : आर्डुइनो उनो बोर्ड, संगणक व जोडतार, एक तांबडा एलईडी दिवा, २२० ओहमचा रोधक, छिद्रांची जोडपट्टी व दोन तारा.

कृती : बोर्डावरील १३ क्रमांकाच्या छिद्रातून तार काढून ती रोधकाच्या एका टोकास जोडावी. रोधकाचे दुसरे टोक दिव्याच्या लांब पायास जोडावे. आखूड पाय ‘जीएनडी’ असे लिहिलेल्या छिद्राशी जोडावा. ही जुळणी होईपर्यंत बोर्ड संगणकास जोडू नये. नंतर संगणकातील आर्डुइनोच्या उदाहरणांपैकी ‘ब्लिंक’ हे उदाहरण उघडून बोर्डावर पाठवावे. दिवा एक सेकंद लागेल व एक सेकंद विझेल.

स्पष्टीकरण : रोधक कशासाठी, हा प्रश्न मुलांकडूनच यावा. बोर्ड ५ व्होल्ट देतो. तांबड्या दिव्यास त्यापैकी सुमारे २ व्होल्ट लागतात. उरलेल्या ३ व्होल्टना २२० ने भागले असता सुमारे ०.०१४ अँपिअर, म्हणजे १४ मिलिअँपिअर धारा येते. रोधक नसल्यास धारा मर्यादेबाहेर जाऊन दिवा किंवा बोर्ड बिघडण्याचा संभव असतो.

आता आज्ञावलीत १००० हा आकडा दोन ठिकाणी शोधावयास सांगावे. हे मिलिसेकंद होत. तेथे मुलांनी स्वतः २०० लिहून आज्ञावली पुन्हा पाठवावी. दिवा भरभर लुकलुकू लागताच, यंत्र आपले ऐकते, हे त्यांना उमगते. हा आकडा शिक्षकांनी बदलून दाखविल्यास पाठाचा मुख्य लाभ हातचा जाईल.

विशेष सूचना : मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. अशी आज्ञावली वाचावी, बदलावी व इतरांस द्यावी, अशी अनुज्ञा परवान्यानेच दिलेली असते. त्याबरोबर काही अटीही असतात. मूळ कर्त्याचा उल्लेख कायम ठेवणे, ही त्यांतील एक नेहमीची अट होय. यास्तव प्रत्येक मुलाने आपल्या वहीत, मूळ उदाहरण कोणाचे व आपण काय बदलले, हे दोन ओळींत लिहावे. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर कोणताही प्रयोग करू देऊ नये.

स्वाध्याय :
१. रोधक ४७० ओहमचा घेतल्यास धारा किती होईल?
२. दोन्ही आकडे ५ केल्यास दिवा लुकलुकताना का दिसत नाही?
३. बारागान यांनी आपले काम बंद ठेवले असते, तर पुढे काय झाले असते?