आधी १९३०, मग बाकीचं

बँकेच्या काउंटरमागे माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर सोसायटीतली मंडळी पासबुकाऐवजी फोन घेऊन दारात उभी राहू लागली. त्यातून जे कळलं ते असं.

१. घाई समोरच्याची असेल, तर गडबड आहे. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ हा मेसेज दर उन्हाळ्यात कुणाला तरी येतोच. वीज कायद्याच्या ५६व्या कलमाप्रमाणे थकबाकीदारालासुद्धा १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊला खांबावर चढायला येतंय कोण?

२. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. जुना सोफा विकणाऱ्या काकूंना ‘पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे.

३. व्हॉट्सअॅपवरची लग्नपत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसलं की ते अॅप समजा. ते तुमचे मेसेज वाचतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. चुकून टाकलंच गेलं, तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा.

४. शेजारच्या बाई एकदा सहज विचारावं तसं विचारत आल्या, ‘भाऊ, एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात हो?’ हातात तीन पावत्या, आणि आवाज कुजबुजता. त्यांचे यजमान, आमचे शिक्षक सर, कुठे आहेत म्हटलं, तर आतल्या खोलीत, दार लावून, सकाळपासून ‘साहेबांशी’ बोलतायत. जाऊन बघतो तर स्क्रीनवर खाकी वर्दी, मागे कसलंसं बोधचिन्ह. चाळीसेक वर्षं पोरांना दरडावणारे सर मला हातानेच ‘गप्प’ म्हणून खुणावत होते. मी फोन घेतला आणि बंद केला. व्हिडिओ कॉलवर अशी कोंडून ठेवणारी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. सरांनी ते ऐकलंही होतं. पण भीती बसली की ऐकलेलं आठवत नाही, म्हणून घरात दुसरं माणूस जागं असावं लागतं.

५. पैसे गेले तर पहिला फोन १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. चोरटे रक्कम भाड्याच्या खात्यांतून पुढे ढकलत नेतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. वाटेत जिथे सापडेल तिथे ती रोखता येते, पण त्यासाठी वेळ हाताशी हवा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. मग बँक. तिचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो. शाखेत अर्ज दिलात की शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

६. ‘ओटीपी तुम्हीच दिलात, आता काही होणार नाही’ हे वाक्य काउंटरमागून फार सहज निघतं, मला माहीत आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक बरंच वेगळं बोलतं. चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर भुर्दंड शून्य. ओटीपी खरंच दिला असेल तर कळवण्यापर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतर जाईल ते बँकेचं. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायचं बँकेने. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

७. घरच्यांनी ‘एवढं शिकून फसलात कसे?’ हे तक्रार नोंदवून झाल्यावर म्हणावं, न म्हटलं तर उत्तमच. या एका प्रश्नाच्या धास्तीने लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात.

८. काही आठवड्यांनी ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तुम्ही फसला आहात हे त्याला कुठून कळलं, एवढंच विचारा. फोन तोच ठेवेल.