तुकडा सोडणारा पक्षी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९, श्लोक १ आणि २.

अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. त्यातला एक कुरर नावाचा पक्षी. त्याच्याकडे मांसाचा तुकडा होता. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं असे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि सुखी झाला. गोष्ट एवढीच. याच स्कंधावरची नाथमहाराजांची मराठी टीका काशीत १५७३ साली पूर्ण झाली.

ही गोष्ट आपल्या शीवमध्ये डोळ्यांनी बघता येते. १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी बांधलेला किल्ला टेकडीवर आहे, पायथ्याशी नेहरू उद्यान. चैत्रात सकाळी लवकर जा. तांबट दिसायच्या आधी ऐकू येतो, भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक-टुक-टुक. दयाळ उंच फांदीवर गात असतो. कुहू करतो तो नर कोकिळ, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके.

मग वर बघा. शेपटीला खाच असलेली ती घार. तिच्या पायात काही असलं की कावळे मागे लागतात. तुकडा खाली पडला की कावळे तुकड्यामागे जातात, घार निवांत घिरट्या घालते. अर्थात, घरट्याजवळ आलेल्या घारीलाही कावळे हुसकावतात. तिथे टाकायला काही नसतं, फक्त बाजूला व्हायचं असतं. मागे लागलेले लोक नक्की कशासाठी लागलेत, हे आधी ओळखायला हवं.

ऑफिसात सध्या अप्रेझलचा मोसम आहे. दोन वर्षं मी बांधलेलं मॉड्यूल आता दुसऱ्या टीमलाही हवंय. रात्री अकराला मेल येतात, हरिपाठाला बसलं तरी मनात उत्तरं तयार होत असतात. मग काय, काम सोडून द्यायचं? श्लोक तसं म्हणत नाही. कुररने उडणं सोडलं नाही. अवधूताचा रोख परिग्रहावर आहे, आवडत्या वस्तूला धरून ठेवण्यावर. कोड लिहिणं हे माझं कर्म. ‘हे माझंच’ हा शिक्का म्हणजे तो तुकडा.

म्हणून आज हँडओव्हरचं डॉक्युमेंट लिहायला घेतलंय, काहीही हातचं न राखता. त्याने प्रमोशन जाऊ शकतं, हे मला कळतंय. घरभाडं आहे, गावी आईबाबा आहेत. भीती वाटते. पण कुररलाही तुकडा टाकताना पुढचा घास कुठून मिळेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

आजचा अभ्यास : तुमच्यामागे सध्या कोण लागलंय? ते तुमच्यामागे आहेत, की तुम्ही धरलेल्या वस्तूमागे? वस्तूचं नाव कागदावर लिहा. लगेच सोडायलाच हवी असं नाही. आधी ती दिसू दे.

पांडुरंगा, मूठ उघडायचं बळ दे.