पक्ष्यांची रोगप्रतिकारशक्ती : ऋतू आणि लिंग यांचा प्रभाव

बंगळुरूनजीक हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेतील टर्की पक्ष्यांमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये एच५एन१ बर्ड फ्लूचे निदान झाले. महाराष्ट्रात फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरने आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावाने या रोगाची झळ सोसली. अशा प्रत्येक वेळी परिसरातील वन्य पक्ष्यांकडे संशयाने पाहिले जाते. परंतु तपासलेला पक्षी नर होता की मादी आणि नमुना कोणत्या महिन्यात घेतला, याची नोंद नसेल तर रक्ततपासणीतील आकड्यांचा अर्थ लावणे कठीण जाते. कारण पक्ष्याची प्रतिकारशक्ती वर्षभर एकाच पातळीवर राहत नाही.

प्रतिपिंडे तयार करण्यास प्रथिने व ऊर्जा लागते, आणि विणीच्या काळात हीच सामग्री अन्यत्र खर्च होते. हेसरघट्ट्याच्या माळावर आणि आपल्याकडील विहिरींच्या काठी दिसणारी सुगरण याचे बोलके उदाहरण आहे. नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर! तो एकाच हंगामात अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी जोडी जमवतो. अंडी उबवण्याचे काम मात्र मादी एकटीच करते. बंगळुरूच्या अक्षांशावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सुमारे दीड तासाचाच फरक असतो. त्यामुळे प्रकाशाइतकाच पाऊसही या विणीला चालना देतो. या दिवसांत नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढते. हे संप्रेरक पिसाऱ्याला तेज देते, पण प्रतिकारशक्तीला आवर घालते, अशी उपपत्ती फोल्स्टाड आणि कार्टर यांनी १९९२ मध्ये मांडली. मादीचा खर्च निराळा असतो. अंड्यासाठी ती कॅल्शियम व प्रथिने वेचतेच, शिवाय स्वतःची प्रतिपिंडे बलकातून पिलांना देते.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदार व सहकाऱ्यांनी जंगली लाव्यावर दीर्घकाळ काम केले. प्रजननाच्या काळात लिंगसंप्रेरके वाढतात, तर विश्रांतीच्या काळात मेलाटोनिन वाढते व प्रतिकारसंस्था अधिक सक्रिय होते, असे त्यातून दिसले. कुक्कुटपालकांना या संबंधाचा पुरावा कोंबडीच्या शरीरातही सापडेल. गंबोरो रोग ज्या बर्सा ग्रंथीवर हल्ला करतो, तिचे प्रतिपिंडनिर्मितीतील स्थान ग्लिक यांनी १९५६ मध्ये दाखवले. ही ग्रंथी पक्षी वयात येताना आकसते, आणि अंड्यातील गर्भाला टेस्टोस्टेरॉन दिल्यास तिची वाढच खुंटते.

तरीही ‘नर दुबळा, मादी सशक्त’ असे सूत्र मांडण्याची घाई नको. अनेक प्रजातींची तुलना केली असता फरकाची एकच दिशा आढळत नाही. मोजमापही फसवे असते: हेटेरोफिल पेशी संसर्गाने वाढतात, तशाच पक्षी पकडताना होणाऱ्या ताणानेही वाढतात.

व्यापारी शेडमध्ये अंड्यावरील कोंबडीला दिव्यांच्या साहाय्याने रोज सुमारे १६ तास प्रकाश मिळतो. तिच्यापुरता ऋतू जणू पुसला जातो. परसातली गिरिराज किंवा गावठी कोंबडी मात्र नैसर्गिक दिवसमानात जगते. म्हणून शेडमधील निष्कर्ष परसातील कोंबड्यांना आणि वन्य पक्ष्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मृत पक्षी आढळल्यास उघड्या हाताने न उचलता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. सोबत दिनांक, जागा, पाणवठ्याचे अंतर आणि आसपास वीण चालू होती का, हेही सांगावे. विणीच्या काळात डोके पिवळेधमक असलेला सुगरणीचा नर सहज ओळखू येतो. हंगाम सरला की तो मादीसारखाच दिसतो. अशा वेळी लिंग ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत पिसाच्या मुळातील डीएनए तपासावे लागते.